खडूचं टोक

हे सगळं टोक खडूचं आहे.
नॉर्थ लँडिंगला उतरून कड्याला बोट टेकवलं
तर बोट पांढरं होतं.
सात-आठ कोटी वर्षं, असं पाटीवर लिहिलंय;
आमच्या बाई एक खडू आठवडाभर पुरवायच्या.

एनॉक मेनप्राइज, वय सत्त्याऐंशी.
ब्रिडलिंग्टनला माझ्याकडे कान तपासायला येतो,
बंद खोलीत हेडफोन लावून बसतो
आणि न वाजलेल्या शिट्यांनाही बटण दाबतो.
म्हणतो, माणसं ऐकायची हौस नाही मला,
किटिवेक ऐकू येतील असं काहीतरी बसव.
म्हणून आज रविवारी आम्ही इथे,
तो, मी, आणि त्याच्या कानामागे
शेंगदाण्याएवढं यंत्र.

वाटेत डेन लोकांचा खंदक लागला.
तो डेन लोकांचा नाही, बराच आधीचा;
पण ज्याचा कर्ता सापडत नाही
ते इथे त्यांच्या नावावर,
जशी आपल्याकडे दिसतील ती लेणी पांडवांची.
दीपगृहंही दोन. जुनं खडूच्याच दगडाचं,
त्यात दिवा कधी पेटला की नाही यावर वाद.
नवं रात्रभर चारदा डोळा मारतं,
गप्प बसतं, पुन्हा चारदा.

कड्यावर आधी वास येतो,
मग आवाज: सगळ्या पंगतीला एकदम
मीठ हवं असल्यासारखा.
गिलेमॉट उभे खांद्याला खांदा लावून, तोंड भिंतीकडे,
शिक्षा झालेल्या वर्गासारखे.
घरटं नाही, काडी नाही,
उघड्या दगडावर एकच अंडं, एका टोकाला निमुळतं,
निळं, हिरवं, कधी मळकट पांढरं,
आणि त्यावर काळी मोडी,
घाईत, हात न उचलता लिहिलेली,
जी त्या एका आईशिवाय कुणाला लागत नाही.

एनॉकने ती हजारांनी पळवली.
कमरेला दोर. वरून दगड सुटतात
म्हणून टोपीत गवत कोंबलेलं.
दोन खांद्यांना दोन झोळ्या,
वर बाप आणि दोन चुलते, टाचा मातीत रोवून.
एक हिसका: थांबा.
दोन: खाली सोडा.
तीन: ओढा.
ओरडायचं नाही, ओरडलेलं वर पोचत नाही.
फुलमार तोंडावर तेल थुंकायचा,
तो वास सात धुण्यांत जायचा नाही.

एका कंगोऱ्यावर एक मादी
विटेच्या रंगाचं अंडं घालायची.
दरवर्षी तीच जागा, तोच रंग.
लीड्सचा एक गृहस्थ त्याचे दोन पौंड द्यायचा,
कापसात ठेवायचा, खाली तारीख लिहून.
चोपन्न साली कायदा आला.
शेवटच्या वर्षी तरी, मी विचारलं,
तिचं तिला ठेवलंस का?
"नाही. दोन पौंड होते."
आणि बऱ्याच वेळाने,
"पुन्हा घातलं असेल तिने."

एक गॅनेट अगदी जवळून गेला,
निळसर हवा तो डोळा काळाकुट्ट.
मधल्या साथीतून जे उरले
त्यांतल्या काहींचा असा झालाय.

मी यंत्राचा आवाज वाढवला.
वारा, तो म्हणाला. नुसता वारा.
आणखी वाढवला.
मग त्याने मान एकदम वळवली
आणि पक्ष्यांना एक सणसणीत शिवी दिली,
नातवाला द्यावी तशी.

कठड्यापलीकडे पाऊलभर गवत,
नंतर काही नाही.
निघू या, मी म्हणाले.
माझी बाही त्याच्या मुठीत होती.
त्याने ती ओढली. दोन हिसके.
तिसरा येतो का, वाट पाहिली मी.
नाही आला.

लोकांना ऐकू यावं हा माझा धंदा आहे,
एकोणीस वर्षं झाली.
मला काही ऐकू आलं नाही.
मी पर्समध्ये गाडीची किल्ली शोधत राहिले,
जी हातातच होती,
बोटांच्या पांढऱ्याने माखलेली.